बांधलेला पाऊस

आषाढ अर्धा सरला होता आणि गुणाबाईच्या आगरात अजून मीठ पडत होतं.

एरवी या दिवसांत पनवेलच्या खाडीकाठची सगळी मिठागरं पाण्याखाली असतात. यंदा मिरगाला एक सर येऊन गेली, ती गेलीच. भरदुपारी कर्नाळ्याचा सुळका लख्ख दिसत होता. नवऱ्यामागं आगर एकटीनं चालवणाऱ्या गुणाबाईनं मग वाफ्यांत पुन्हा खारं पाणी घेतलं. पलीकडं, तिच्या माहेरी बेलपाड्याला, भाताच्या रोपांचं आवण लाल पडून करपत होतं.

मुलगा जगन रजेवर आला होता. मुंबईच्या हवामान कचेरीत तो आभाळात सोडायच्या फुग्यांत गॅस भरायचा. मायलेक मीठ ओढत होती, तेवढ्यात बांधावरून माणसं येताना दिसली. प्रत्येकाच्या हातात फावडं नाहीतर कुदळ. सगळ्यात पुढं गुणाबाईचा थोरला भाऊ, दयाराम.

"दादूस, एवढी मानसं कशाला आनलीस?"

दयारामनं तिच्याकडं पाहिलं नाही. "गुणे, मडकं कुठं पुरलंस?"

"कसलं मडकं?"

"पाऊस बांधलास त्याचं. आमची शेतं जलतायत आनि तुझं मीठ पिकतंय. आमाला काय कलत नाय?"

मागच्यांनी बांध खणायला सुरुवात केलीच होती. मातीचे लगदे वाफ्यांत पडू लागले. जगन धावत मध्ये गेला.

"मामा, थांबव त्यांना! पाऊस कोणी बांधत नसतो." तो भराभर बोलू लागला. "वाराच यंदा कमजोर आहे. आमच्या कचेरीत जहाजांवरून तारा येतात. पार पृथ्वीच्या पलीकडं, पेरू देशाच्या बाजूला समुद्र तापलाय. तो तापला की कधीकधी आपल्याकडचा वारा मंदावतो, पाऊस तिकडंच पडून जातो. साहेबांनाही अजून सगळं उलगडलेलं नाही, पण..."

फावडी थांबली. माणसं ऐकत होती.

"त्यो समुद्र कोनी तापवला?" दयारामनं विचारलं.

"कोणी नाही. काही वर्षांनी आपोआप तापतो."

"कोनीच नाय?"

"कोणीच नाही, मामा."

हे मात्र कोणाला सोसलं नाही. गर्दीतून एक हुंकार उठला. "पोरगा पन सामील हाय!" कोणीतरी ओरडलं आणि मातीचं वाळकं ढेकूळ जगनच्या भुवईवर येऊन फुटलं. तो गुडघ्यावर बसला. डोळ्यावरून रक्त उतरलं. दुसऱ्या एकानं कुदळ उलटी धरली.

गुणाबाईनं भावाकडं पाहिलं. त्यानं एक शब्द टाकला असता तर माणसं थांबली असती. तो जमिनीकडं बघत होता.

"मीच बांधलाय," ती म्हणाली.

उलटी धरलेली कुदळ खाली आली.

"आये, काय बोलतेस?"

"तू गप रे." ती लेकाच्या आणि गर्दीच्या मध्ये येऊन उभी राहिली. "पाऊस मीच बांधलाय. खनू नका, मडकं नाय मिलायचं. उघाडीला बांधलाय. माझ्या हातानं सोडते."

ती आगराच्या तोंडाशी, खाडीचं पाणी अडवणाऱ्या उघाडीकडं निघाली. माणसं बाजूला झाली, लागली असती त्याहून दुप्पट वाट त्यांनी तिला करून दिली. खाडीला भरती होती. गुणाबाईनं वाकून उघाडीची फळी दोन्ही हातांनी उपसली. गढूळ पाणी फेसाळत आत घुसलं, एकेक वाफा भरत गेलं. काठावरच्या पांढऱ्या राशी खालून विरघळल्या आणि आवाज न करता बसल्या.

एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग माणसं आली त्याच बांधावरून एकामागोमाग निघून गेली. दयारामही गेला.

गुणाबाईनं पदर फाडून लेकाच्या कपाळाला बांधला.

"सगळं मीठ घालवलंस," जगन म्हणाला. "वर खोटं बोललीस."

"तुजं खरं त्यांना झेपलं नाय. मला तू जिता पायजे होतास."

"आता पाऊस नाही आला तर?"

"परत येतील."

"आणि आला तर?"

गुणाबाईनं त्याच्या कपाळावरची गाठ आवळली.

आठवडा उलटण्याआधी पाऊस आला. बंगालच्या समुद्रावर वादळ उठलं होतं. रजा संपवून कामावर गेलेल्या जगननं ते कचेरीतल्या नकाशावर पाहिलं आणि सुट्टी मिळताच आईला सांगायला तो धावत घरी आला. दारात दयाराम उभा होता. डोक्यावर इरलं नाही, नखशिखांत भिजलेला. उंबऱ्याबाहेर त्यानं नारळ ठेवला आणि खाली वाकून बहिणीच्या पायांना हात लावला.

गुणाबाई झटकन मागं सरली. "दादूस, आरं मी धाकटी तुझी!"

"बाय, परत नको बांधूस." त्यानं नारळ पुढं सरकवला. "काय लागंल ते सांग. गाव देईल."

"मामा, बंगालच्या..." जगननं तोंड उघडलं. गुणाबाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"भिजलायस," ती भावाला म्हणाली. "आत ये. च्या टाकते."

दर भाऊबीजेला त्याच घरात मांडी ठोकून जेवणारा दयाराम उंबऱ्याकडं बघत राहिला.

"नको, बाय."

त्यानं हात जोडले आणि मागं पाऊल टाकलं. मग आणखी एक. चिखलात तो एकदा घसरला, सावरला, पण वळला नाही. मुसळधार पावसात बांध ओलांडून दिसेनासा होईपर्यंत त्यानं धाकट्या बहिणीकडं पाठ केली नाही.