मोठं मशीन

होडी घेतली त्या महिन्यात ती विकणाऱ्या बाईंचं पत्र आलं होतं. "मशीन होडीच्या मानाने फार मोठं आहे. लहान बसवा आणि मला कळवा." कारण लिहिलं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. अनोळखी बाईंना काय लिहावं हे सुचेना, आणि मोठं मशीन अधिक सुरक्षित अशी माझी समजूतही होती.

मशीनच्या वजनाने होडी मागे बसायची, म्हणून मी पुढे वाळूच्या दोन गोणी ठेवल्या. परवा पत्नीला घेऊन खाडी ओलांडताना लाटेसरशी पाणी आत आलं. ती माझा हात धरून बसली.

काल मशीन बघायला बाबलो मेस्त्रीला बोलावलं.

"मास्तर, इतक्याशा होडयेक ह्यो रेडो कित्याक बांधलात?" तो हसला. मग गोणी दिसल्या. "ह्या कोणी ठेवल्यान?"

"मीच. तोल साधायला."

तो हसायचा थांबला. "होडी इकलेल्या त्या बायच्या घोवानय अशेच ठेवलेल्यान."

"त्यांच्या नवऱ्याने?"

"होय. होडी तेवढी परत इली."

आज लिहिलं, "ताई, लहान मशीन बसवलं. पत्नी सुखरूप आहे." पुढे क्षमेचं वाक्य चार वेळा लिहून खोडलं, आणि पत्र तसंच टपालपेटीत टाकलं.