उजवी पुण्याची, डावी हैदराबादची

दिंद्रुडच्या भैरोबाने आजवर कुणाची भीड ठेवली नव्हती. म्हाळू गुरवाने मात्र सगळ्यांचीच ठेवली होती, आणि देवाला कौल लावायचं काम म्हाळूकडे होतं.

त्या दिवशी प्रश्न राधाकिशनच्या वकिलीचा होता. बी.ए. झालेल्या या पोराला दोन ठिकाणी जागा मिळाली होती. हैदराबादला राहणं-जेवण सरकारी, वर दरमहा वजीफ्याचे पैसे. पण शिकणं उर्दूतून. पुण्याला सगळं इंग्रजीतून आणि सगळं पदरचं. त्यासाठी ओढ्याकाठचा मळा विकावा लागणार होता, आणि घर त्या मळ्यावरच जेवत होतं. बीडच्या कोर्टात कामकाज उर्दूतच चालतं, हे राधाकिशनने वडिलांना सांगून पाहिलं. सुंदररावांचं म्हणणं असं, की पुण्याचा वकील इंग्रजीत हरला तरी लोक उठून उभे राहतात. वडिलांपुढे याहून जास्त बोलायची रीत नव्हती. म्हणून त्याने देवालाच विचारू या म्हटलं, आणि सुंदरराव इतक्या लवकर कबूल झाले की तो जरा चपापला.

छबुबाईंनी सकाळीच नैवेद्याचा गूळ देवळात नेऊन दिला होता. या प्रकरणात आईकडे एवढंच काम होतं.

म्हाळूने शेंदराच्या मूर्तीवर दोन सुपाऱ्या चिकटवल्या. सुपारी पाणी लावून चिकटवायची, पाणी वाळलं की ती पडते, अशी कौलाची रीत. उजवी आधी पडली तर पुणे, डावी पडली तर हैदराबाद. बाहेर राधाकिशनची वळकटी गाडीत पडली होती आणि गडी सटवा बैल जुंपून बसला होता. आज निघालं नाही तर दोन्हीकडची मुदत बुडत होती.

राधाकिशनने डाव्या सुपारीवर नजर रोखली. ती पडणार हे त्याला माहीत होतं. परवाच तो आपली नवी छत्री म्हाळूला देऊन आला होता. ती छत्री आता कोपऱ्यात उभी होती. तिथं ती नको होती, कारण सुंदरराव तिच्याकडेच बघत होते. राधाकिशनने घाईने मान फिरवली, तर त्याला म्हाळूच्या डोक्यावरचा जरीकाठी रुमाल दिसला. वडील तो फक्त लग्नाकार्यात बांधत.

बापलेकांची नजरानजर झाली. दोघांनी लगेच देवाकडे पाहिलं.

सुपाऱ्या हलल्या नाहीत. म्हाळूने घंटा वाजवली. मग पुन्हा वाजवली. ऊन उंबरा ओलांडून आत आलं.

"मालक, गाडी कोन्या अंगाला वळवू?" सटवाने बाहेरून विचारलं. "हैद्राबादच्या रेल्वेला परभनीला, का पुन्याच्या रेल्वेला नगरला?"

"थांब बे," सुंदरराव म्हणाले आणि गुरवाकडे वळले. "म्हाळू, पानी लावलं हुतं न्हवं?"

"लावलं की, मालक."

"मग पडंना कावून?"

म्हाळूने सुंदररावांकडे पाहिलं, राधाकिशनकडे पाहिलं, मग खांबाशी बसलेल्या छबुबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "ते आता देवालाच ठावं."

छबुबाईंनी पदर सारखा केला. सकाळपासून त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"दोन्हीकडं नको म्हनतोय देव. आवो, ल्योक घरीच ऱ्हाऊ द्या म्हनतोय. मळा बी ऱ्हाईल."

सुंदररावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. राधाकिशननेही तेच केलं. बोलायचं तर छत्रीचं बोलावं लागलं असतं, आणि रुमालाचं. मग सुंदररावांनी बाहेर बघून हात हलवला, तसे सटवाने बैल सोडले आणि वळकटी परत घराकडे नेली.

राधाकिशन नमस्काराला वाकला. मूर्तीच्या पायापासून छातीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. वर जाऊन ती दोन्ही सुपाऱ्यांकडे सारखीच फुटत होती.