सैरागुलअपाचा हात

बिश्केक शहरातली बेगाइम लग्न होऊन नारिनच्या डोंगरात आली, तेव्हा तिला लोकर कातता येत नव्हती. दोन-तीनदा सूत तुटलं, शेजारणी हसल्या, आणि तिने टकळीला हात लावणंच सोडलं. सासूने, सैरागुलअपाने, तिला कधी आग्रह केला नाही.

वसंतात अपा घोड्यावरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. पट्टी निघाली तरी हात थरथरत राहिला. जिच्या सुताचं गावभर नाव, तिच्या टकळीवर आता गाठीगाठींचं जाडंभरडं सूत उतरू लागलं. बेगाइमला ते बघवायचं नाही. दुपारी अपाचा डोळा लागला की ती ते सूत गुपचूप काढून घ्यायची आणि गोठ्यामागे बसून दुसरं कातून टकळीवर चढवून ठेवायची. सुरुवातीला तिचंही तुटायचं. ती पुन्हा जोडायची.

“अपा, हात सुधारतोय तुमचा,” ती सांगायची.

“हो का? तू म्हणतेस तर असेल,” अपा म्हणायची.

शरदात एकदा बेगाइम झऱ्यावरून लवकर परतली. दाराशीच तिला शेजारीण बुरुलचा हिचा आवाज ऐकू आला, “अगं, हात तर केव्हाच बरा झालाय तुझा. मग चांगल्या सुताला मुद्दाम गाठी का पाडतेस?”

“हळू बोल,” अपा म्हणाली. “पोरीचं सूत आता कुठे बारीक यायला लागलंय. अजून थोडे दिवस थरथरू दे मला.”