मागून येणारा माणूस

"आन् मालक कुटं ऱ्हायले?" पाण्याचा तांब्या पुढे करत तुळजाबाईंनी विचारलं.

"येतायत मागून," ज्ञानदा म्हणाली आणि तिनं ओट्यावर बसकण मारली. पाठीवरची सॅक उतरवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

मागून कुणीही येत नव्हतं. तीन दिवस मुळशीच्या डोंगरांतून ती एकटीच चालत होती. एकटी बाई दिसली की लोक काय विचारतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून उत्तर तिनं घरूनच बांधून आणलं होतं. पहिल्या वाडीत मागून भाऊ येत होता. दुसऱ्या वाडीत पोलिसात असलेला दीर. तिला ना भाऊ होता ना दीर, पण थाप मारायचीच तर हात आखडता कशाला घ्या. आज मात्र नवा माणूस रचायचीही ताकद नव्हती. बुटाचा तळ सुटला होता, पायांत गोळे आले होते. खालच्या फाट्यावर पौडकडे जाणारी शेवटची एसटी गाठायची आणि मारुंजीच्या घरी जाऊन आडवं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला तुळजाबाईंचे मालक गेणबा दुखरा गुडघा लांब करून बसले होते. सत्तरी उलटलेले. "नाव काय पावन्यांचं?" त्यांनी विचारलं.

"चंद्रकांत."

नाव तोंडातून गेलं आणि मग तिला कळलं.

"शेरातल्या बाया बघा कशा नाव घेत्यात," तुळजाबाई हसल्या. "आमी उभ्या जन्मात न्हाई घेतलं."

चंद्रकांत तिचा नवरा. डोंगरात तो कायम मागे राहायचा. कधी बुटाची नाडी, कधी एखादं रानफूल, कधी नुसताच धापा टाकत उभा. ती पुढे जाऊन बसायची आणि कुणी विचारलं की वैतागून म्हणायची, येतायत मागून. लग्न झाल्यापासून हे वाक्य खरं होतं. मागच्या साली भाद्रपदात तो दवाखान्यात गेला आणि परत आलाच नाही. तेव्हापासून फ्लॅटच्या भिंती अंगावर यायला लागल्या, म्हणून ती एकटी निघाली. एकटीला जमतं का ते बघायचं होतं. जमलं होतं. पण त्याचा आनंद काही केल्या होत नव्हता. नुसती दमणूक झाली होती.

ती घरामागे जाऊन पाय धुऊन आली, तर ओटा रिकामा. गेणबा नव्हते.

"ते गेलं की वर, बॅटरी घिऊन," तुळजाबाई म्हणाल्या. "दिस बुडाया आला. सोंडंवरची वाट नवख्याला घावत न्हाई. पावना चुकंल म्हनलं."

"अहो, पण त्यांचा गुडघा..."

"गुडघ्याचं कोन ऐकतंय. आता पावना घावल्याबिगर न्हाई यायचं ते."

खाली फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. कापणी झालेल्या भातखाचरांच्या पलीकडे गाडीचे दिवे दिसत होते. धावत गेली असती तर सापडली असती. कुणाला काही कळलं नसतं. एक म्हातारा अर्धी रात्र डोंगरात शोधत फिरला असता, एवढंच.

ज्ञानदानं सॅक ओट्यावर टाकली आणि आली त्या वाटेनं ती उलटी डोंगर चढायला लागली. एकेक पाऊल जिवावर येत होतं. मागे गाडी सुटल्याचा आवाज आला, पण तिनं वळून पाहिलं नाही. थांबली असती तर पुन्हा उठली नसती.

सोंडेच्या मध्यावर हाक ऐकू आली.

"चंद्रकांतराऽव!"

हाक समोरच्या कड्यावर जाऊन परत आली. ती जागच्या जागी उभी राहिली. वर्षभरात हे नाव असं मोकळ्यानं कुणी घेतलंच नव्हतं. नातेवाईक तिच्यासमोर जपून बोलायचे. आणि इथे एक अनोळखी म्हातारा अख्ख्या डोंगराला त्याचं नाव ऐकवत होता. गेणबांनी पुन्हा हाक मारली. तिला वाटलं, आणखी एकदा मारू दे. मग तिला त्या गुडघ्याची लाज वाटली आणि ती उरलेली वाट धापा टाकत चढली.

"बाबा, थांबा. मागं कुणी नाही." तिला धड बोलता येईना. "माझे मिस्टर वारले. मागच्या वर्षीच. मी एकटीच आहे. एकटीला लोक त्रास देतील म्हणून खोटं सांगत आले."

एवढं बोलून ती खाली दगडावर बसली आणि रडली. तीन दिवसांत रडली नव्हती, ते सगळं आत्ता आलं.

गेणबांनी वाकून दुखरा गुडघा चोळला. "आसं व्हय," ते म्हणाले. "मग खालीच सांगायचं की. उगं म्हाताऱ्याला डोंगार चढाया लावला." पण आवाजात राग नव्हता. त्यांनी बॅटरीचा झोत तिच्यापासून बाजूला वळवला.

"चला. जेवून निजा आज आमच्याकडं. गाडी काय, उद्याबी हाय."

ती उठली. चार पावलं उतरली आणि तिच्या लक्षात आलं की म्हातारा मागेच थांबलाय. तिनं वळून पाहिलं.

गेणबा वरच्या अंधाराकडे तोंड करून उभे होते. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि होता नव्हता तेवढा दम गोळा करून हाक मारली.

"चंद्रकांतराऽव, बाई पोचल्या वोऽ. आता तुमी बिनघोर जावा."