चोवीस त्रिकोण

आणीबाणीचं दुसरं वर्ष होतं. सात रस्ता चौकाजवळच्या चित्रप्रदर्शनात फौजदार एका चित्रापुढं थांबला, तेव्हा ड्रॉइंग शिकवणारा मुकुंद लगबगीनं त्याच्याजवळ गेला. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण त्यानं कॅनव्हासवर चोवीस वेळा रंगवला होता. "हे काय ओ मास्तर?" "पॉप आर्ट, साहेब. आधी चित्रकारांनी आकार मोडले, मग आकारच सोडले. या पंथानं रस्त्यावरच्या जाहिराती उचलल्या. रोज दिसतं तेच पुन्हापुन्हा काढायचं." "म्हणजे सरकारी जाहिरातीचा कंटाळा आलाय की तुमाला!" मुकुंदची पत्नी गोदावरी घाईनं पुढं आली. "कंटाळा कसला? प्रचार आहे हा." फौजदार खूश झाला. "लई झ्याक! प्रचार करणाऱ्यानं सोताची नसबंदी करावी. शिबिराची गाडी बाहेरच हाय, दोनाच्या वर पोरं असली की चढायचं. पोरं किती, वैनी?" "एकच," गोदावरी म्हणाली. तेवढ्यात "बाबा, बाबा" करत तिन्ही मुली आत आल्या.