पिवळं झबलं, लाल टोपडं

समजा, सोलापुरातली चैत्राची दुपार आहे. गिरणीचा तीनचा भोंगा नुकताच वाजलाय. तुम्ही दहा वर्षांचे आहात, पायांत चपला नाहीत, आणि अनोळखी दारात उभं राहून तुम्हाला जुने कपडे मागायचे आहेत. जमेल?

गौरम्माला जमवायचंच होतं.

एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत ती मथुराबाईंच्या दाराशी आली. अंगात विटका परकर, कानांत कडुनिंबाच्या काड्या. उद्या तिच्या भावाचं बारसं होतं. त्याच्या आधीची दोन्ही बाळं राहिली नव्हती. हा राहायलाच हवा होता, आणि त्याच्या अंगात घालता येईल असं घरात काही नव्हतं. आजवर तो आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला होता.

निघताना अज्जीने बजावलं होतं, कोणाची कोण ते सांगायचं नाही. कोणी पैसे दिले तर घ्यायचे नाहीत. नाही म्हणाले तरी रडायचं नाही.

आणखी एक गोष्ट गौरम्माने स्वतःच ठरवली होती. मिळतील त्या चिंध्या बाळाला घालायच्या नाहीत. उन्हाळ्यात सोसतील असे मऊ सुती कपडे करायचे, आणि तेही हसऱ्या रंगांचे. बारशाला येणाऱ्या बायकांनी बाळाकडे बघून हळहळायचं नाही.

मथुराबाईंनी धोतराचा पांढरा तुकडा आणून दिला. गौरम्माने हळूच विचारलं, रंगीत काही आहे का?

"मागाय आलीस आन् रंग निवडतीस व्हय?" मथुराबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मग नव्या पेठेत जा की. चनबसप्पा कापडवाल्यांनी दुष्काळात निम्म्या गावाला कापड वाटलंय. कोरं करकरीत मिळंल."

"त्यांच्या दुकानातलं नको."

"का गं बाई? तुला काय जरीचं पायजे?"

गौरम्मा दारातून हलली नाही. मग पुटपुटत मथुराबाई आत गेल्या आणि पेटीतून एक फ्रॉक घेऊन आल्या. पिकल्या लिंबासारखा पिवळा. धुऊन धुऊन त्याची सगळी खळ गेली होती, कापड लोण्यासारखं मऊ झालं होतं.

हा कोणी घातला होता, असं गौरम्माने विचारलं. मथुराबाईंनी अंगणाकडे बोट केलं. तिथे त्यांची धाकटी एका बोकडाची शिंगं धरून त्याला मागे रेटत होती, आणि बोकडाचं काही चालत नव्हतं.

गौरम्मा दुपारभरात पहिल्यांदाच हसली. "हाच द्या," ती म्हणाली.

पुढच्या दारात एकीने तिच्या हातावर नाणं ठेवलं. तिने ते उंबऱ्यावर ठेवून दिलं. एका घरी फुलाफुलांचा नायलॉनचा फ्रॉक मिळाला, सगळ्यांत झगझगीत. तिने तो गालाला लावून पाहिला. या उन्हात तो बाळाला टोचणार होता, म्हणून तिने तो परत केला. मिजास बघा पोरीची, असं मागून ऐकू आलं. हातमागवाल्यांच्या घरी निळ्या चौकड्यांचा सदरा मिळाला. कोपरावर फाटलेला, पण पाठ शाबूत होती.

कडुनिंबाखाली बजाबाई बोहारीण स्टीलची भांडी एकीकडे आणि जुन्या कपड्यांचं गाठोडं दुसरीकडे ठेवून विसावली होती. गौरम्माच्या काखेतले कपडे बघून ती म्हणाली, "आमच्या धंद्यात उतरलीस व्हय? मग भांडी कुटं हायत तुजी?"

गौरम्माने भावाचं सांगितलं. आधीच्या दोघांचंही सांगितलं. बजाबाईची थट्टा तिथेच थांबली. गाठोड्यात हात घालून तिने एक लाल पदर ओढून काढला. पतवंडं खेळवलेल्या म्हातारीच्या लुगड्याचा आहे, असं म्हणाली, आणि त्याच्या बदल्यात काहीच मागितलं नाही.

मग बजाबाईने कातर चालवली आणि गौरम्माने सुई. शिवण बाहेरून ठेव, आत आली तर लेकराला बोचते, हे बजाबाईने शिकवलं. तिने दोऱ्याचं नवं रीळ पुढे केलं, तशी गौरम्माने मान हलवली आणि लाल पदराच्या कडेतून एक लांब धागा ओढला.

"दोरा बी जुनाच?"

"दोरा बी."

बजाबाईने तिच्या कानांतल्या काड्यांकडे एकवार नीट पाहिलं आणि रीळ पिशवीत टाकलं.

ऊन कललं तेव्हा पिवळं झबलं तयार होतं, निळ्या चौकड्यांच्या बाह्यांचं. जोडीला लाल टोपडं, त्याला पिवळी झालर. एक बाही किंचित आखूड झाली होती, पण एकूण बघून कोणालाही हसू आलं असतं.

गौरम्माने ते परकराच्या ओच्यात घेतलं आणि ती सरळ नव्या पेठेत गेली. दुकानांत दिवे लागत होते. चनबसप्पा कापडवाल्यांच्या पायऱ्या ती चढली, तसे नोकर बाजूला झाले. चनबसप्पा गिऱ्हाइकासमोर तागा उलगडत होते. हातातला तागा तसाच टाकून ते गादीवरून उतरले.

"मिळालं, गौरा?"

"मिळालं, अप्पा."

तिच्या मागे भिंतभर तागे रचलेले होते. आधीच्या दोन्ही बाळांची पहिली झबली त्यांतल्याच सगळ्यांत भारी ताग्यांतून बेतली होती; याला मात्र मागून आणलेलं जुनंच घालायचं ठरलं होतं. चनबसप्पांनी झबलं बघायला दोन्ही हात पुढे केले.

गौरम्माने ओचा घट्ट आवळला, एक पाऊल मागे घेतलं, आणि कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलून वडिलांपुढे धरला.

"आधी हात धुवा," ती म्हणाली. "तुमच्या हाताला नव्या कापडाची खळ आहे."