"चोर" म्हणलं कोण?

ग्रामसभेच्या व्हिडिओत इंद्रभानचं भाषण रंगात आलं असताना गोंधळातून कोणीतरी "चोर!" म्हणून ओरडलं होतं. बाई की बाप्या, काही कळत नव्हतं. इंद्रभानची बायको सहीपुरती सरपंच. कारभार, भाषण आणि दमदाटी सगळी त्याचीच. ओरडणाऱ्याचं घरकुल अडवायचंच, असं ठरवून तो धामणगावात, व्हिडिओ काढणाऱ्या हर्षलच्या स्टुडिओत येऊन बसला.

"काका, माणसायचे, बायायचे अन् स्टेजचे माईक वेगळे होते," हर्षल म्हणाला. "तसेच आवाजाचे तीन ग्रुप केले."

"तो विरोधातला शेषरावच असन. माणसायचा ग्रुप बंद कर."

केला. तरी "चोर!" ऐकू आलंच.

"मंग त्याची बायको! लई जीभ चालते तिची. बायायचाबी कर बंद."

गलका थांबला, आणि "चोर!" आणखीच खणखणीत वाजलं.

हर्षलनं व्हिडिओ थांबवला. "काका, स्टेजवर कोण होतं?"

"कोण राहीन बे? मीच तं होतो एकटा!"

"तुमच्या मांगं खुर्चीत सरपंचबाई होत्या ना, काका."